कॅप कशाची, यापेक्षा ती बसली कशी?

दंतरोपणाचा निर्णय झाला, की घरात पुढचा प्रश्न येतो तो कॅपचा. धातूवर पोर्सिलेन चढवलेली घ्यावी, की झिर्कोनियाची? चर्चा बहुधा रंग, मजबुती आणि खर्च यांभोवतीच फिरते. त्या कॅपला लगटून राहणाऱ्या हिरडीचा विचार मागे पडतो.

नैसर्गिक दाताच्या मुळात हिरडीचे तंतू रुतलेले असतात. रोपणाभोवती ते केवळ वेढा घालून राहतात. तेथील रक्तपुरवठाही तुलनेने कमी असतो. त्यामुळे जिवाणूंचा शिरकाव सोपा होतो. आरंभी फक्त हिरडी सुजते आणि वेळीच स्वच्छता झाली, तर ती पूर्ववत होऊ शकते. दुर्लक्ष झाल्यास दाह हाडापर्यंत पोहोचतो आणि झिजलेले हाड पूर्णपणे भरून येणे कठीण असते.

चकचकीत पॉलिश केलेल्या झिर्कोनियावर जिवाणूंचा थर तुलनेने कमी साचतो आणि पातळ हिरडीतून धातूची करडी छटाही दिसत नाही. तथापि पदार्थाच्या नावापेक्षा पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा अधिक निर्णायक ठरतो. खडबडीतपणा सुमारे ०.२ मायक्रोमीटरच्या वर गेला, की थर अधिक साचू लागतो. म्हणून चावा जुळवण्यासाठी कॅप घासली असल्यास ती पुन्हा पॉलिश करणे आवश्यक असते. ॲक्रिलिकची कॅप तात्पुरतीच समजावी. तिच्या सच्छिद्र पृष्ठभागावर घाण लवकर धरते.

उत्तम पदार्थाची कॅपही दोन कारणांनी अपायकारक ठरू शकते. पहिले, चिकटवताना हिरडीखाली उरलेले सिमेंट. स्क्रूने बसवलेल्या कॅपमध्ये हा धोका टळतो. दुसरे, कॅपचा फुगीर आकार. त्यामुळे ब्रश पोहोचण्यास जागाच उरत नाही. म्हणून दंतवैद्यांना विचारावे: कॅप स्क्रूची की सिमेंटची? उरलेले सिमेंट काढल्याची खात्री कशी केली? फटीतून छोटा ब्रश फिरतो का? तो कसा फिरवायचा, हे आरशासमोर दाखवून घ्यावे.

हात थरथरणाऱ्या किंवा दृष्टी मंदावलेल्या ज्येष्ठांसाठी हे काम घरातील व्यक्तीने करावे. रोज रात्री मऊ ब्रशने कॅप आणि हिरडी यांची सीमारेषा स्वच्छ करावी, दोन दातांमधील फटीत छोटा ब्रश फिरवावा. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात ठेवावी. तंबाखू, मिश्री आणि धूम्रपान वर्ज्य करावे.

रोपणाभोवतीचा दाह पुष्कळदा वेदनेविना वाढतो. म्हणून ‘दुखत नाही’ एवढ्यावर निश्चिंत राहू नये. ब्रश करताना रक्त, पू, दुर्गंधी, सूज किंवा कॅप हलणे यांपैकी काहीही आढळल्यास थांबू नये. तक्रार नसली तरी दंतवैद्यांनी ठरवून दिलेल्या मुदतीत तपासणी करून घ्यावी. कॅप कितीही महागडी असो, तिचा टिकाव शेवटी हिरडीवरच अवलंबून असतो.