जमीन नवाहोंची, पूर्वज कोणाचे?

ॲरिझोना राज्याच्या ईशान्य कोपऱ्यातली कॅनियन डी शे ही दरी संपूर्णपणे नवाहो जमातीच्या जमिनीवर आहे. लाल कड्यांच्या कपारींत प्राचीन पुएब्लो लोकांनी बांधलेली घरे दिसतात. ती ओस पडून सुमारे सातशे वर्षे झाली. खाली तळाशी नवाहो कुटुंबे आजही मका लावतात, मेंढ्या राखतात. १८६४ साली किट कार्सनच्या मोहिमेत अमेरिकी सैन्याने इथल्या पीचच्या बागा तोडल्या आणि हजारो नवाहोंना न्यू मेक्सिकोतील छावणीपर्यंत पायी हाकलत नेले. १८६८ च्या तहानंतर ते परतले.

१९३१ मध्ये राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी ही दरी राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केली, पण जमिनीची मालकी जमातीकडेच राहिली. त्यासाठी केलेल्या कायद्यात नवाहोंचा चराईचा हक्क आहे. एवढेच नव्हे, पर्यटकांना घोडे पुरवण्यात त्यांना प्राधान्य, हेही लिहिलेले आहे! प्राचीन अवशेषांची देखभाल मात्र राष्ट्रीय उद्यान सेवेकडे गेली. आपल्याकडच्या हिशेबाने सातबारा नवाहोंच्या नावे आणि वरच्या घरांच्या किल्ल्या सरकारच्या कमरेला.

या व्यवस्थेतला पेच दिसला तो मृतांच्या बाबतीत. १९३१ ते १९९० या काळात उद्यान सेवेने दरीतून ३०३ जणांचे अवशेष बाहेर काढले. ते टक्सनच्या संग्रहकेंद्रात ठेवले गेले. नवाहो परंपरेत मृतांच्या हाडांना हात लावणे वर्ज्य. जुन्या घरांच्या वाटेलाही सहसा कोणी जात नाही. आजच्या पुएब्लो जमातींपैकी होपी लोकांची भावना वेगळी. त्यांच्या लेखी हे पडके वाडे म्हणजे पूर्वजांनी भटकंतीत मागे ठेवलेली पावले. झुनी ही दुसरी पुएब्लो जमातही तिथल्या मृतांशी नाते सांगते. आणि काही नवाहो कुळे आपले मूळ पुएब्लो लोकांतच असल्याचे मानतात, त्यामुळे ‘हे आमचे, ते त्यांचे’ अशी सरळ रेघ ओढता येत नाही.

कायद्याने हा गुंता सोडवला नाही, वाढवला. १९०६ च्या पुरावस्तू कायद्याखाली आदिवासींच्या राखीव जमिनीवर खणण्याचा परवाना अंतर्गत व्यवहार खात्याचा मंत्री देई. १९७९ च्या कायद्याने जमातीची संमती सक्तीची केली. सापडलेल्या वस्तूंचे पुढे काय करायचे, हेही तिच्या संमतीवर सोपवले. मग १६ नोव्हेंबर १९९० रोजी मृतांचे अवशेष परत करण्याचा कायदा आला. त्या तारखेनंतर जमातीच्या जमिनीत अवशेष सापडले आणि थेट वंशज कळले नाहीत, तर ते त्या जमिनीच्या जमातीकडे जातात. त्याआधीच संग्रहात गेलेल्यांची यादी करायची आणि सांस्कृतिक नाते शोधायचे. म्हणजे शेजारशेजारच्या दोन थडग्यांतल्या मृतांना, केवळ फावडे कोणत्या साली चालले यावरून, वेगवेगळे वारस मिळू शकतात. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण त्यांच्या डोळ्यांसमोर संग्रहालयांची कपाटे होती, डी शेसारखी जागा नव्हती.

राज्याच्या मालकीच्या जमिनीवर त्या मानाने चित्र स्वच्छ आहे. ॲरिझोनाच्या १९६० च्या कायद्यानुसार तिथल्या उत्खननाचा परवाना ॲरिझोना विद्यापीठाचे राज्य संग्रहालय देते. पन्नास वर्षांहून जुने मानवी अवशेष निघाले, तर संग्रहालयाच्या संचालकांना कळवावे लागते आणि ते जमातींशी बोलतात. जमीन कोणत्याच जमातीची नसल्याने वाद फक्त नात्याचा उरतो.

उद्यान सेवेने डी शेच्या ३०३ जणांना १९९० चा कायदा लावून यादी करायला घेतली, तेव्हा नवाहो न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे, तहाने जमीन आमची, म्हणून तिच्यात पुरलेलेही आमचेच; नाते शोधायचा अधिकार तुम्हाला दिला कोणी? खालच्या न्यायालयाने दावा फेटाळला. एप्रिल २०१६ मध्ये नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने तो पुन्हा उभा केला, तोही दोन विरुद्ध एक मताने. अवशेष कोणाचे, हे त्या निकालात ठरले नाही. नवाहोंना दावा चालवता येईल, एवढेच ठरले.

नवाहोंचा संताप मला पटतो. विचारल्याशिवाय नेलेली माणसे परत मागताना पुन्हा नेणाऱ्याच्याच यादीत नाव शोधायचे, हा अपमान आहे. पण त्यांचा युक्तिवाद शेवटपर्यंत मान्य केला, तर आपल्या मृतांसाठी होपींना आणि झुनींना नवाहोंच्या दारात उभे राहावे लागेल. जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनी प्रदर्शनाआधी आणि संशोधनाआधी वंशजांची किंवा संबंधित जमातींची संमती बंधनकारक केली, आणि देशभरच्या संग्रहालयांनी काचेची कपाटे झाकली. डी शेच्या मृतांसाठी ही संमती तिघांपैकी कोणी द्यायची, हा वाद त्या नियमांनी मिटत नाही.