रंगभवनांतील ती रात्र

ता. २६ मार्च १९८०. मी नुकताच मॅट्रिक झालों होतों. मुंबईस धोबीतलावाजवळील रंगभवन या खुल्या नाट्यगृहांत ‘द पोलीस’ या विलायती रॉक-वृंदाची मैफल होती. मित्रानें तिकीट दिलें. वेदपाठी घरांतील मुलानें सांगावें तरी काय? “अप्पा, कीर्तनास जातों,” म्हणालों.

वृंद म्हणजे अवघे तिघे! स्टिंग गात गात खर्जाची गिटार वाजवी, अँडी समर्स दुसरी, आणि स्ट्यूअर्ट कोपलंड ड्रम. पहिल्या मात्रेवर ठोका यावा ही कानाची अपेक्षा. तर तेथें नेमका विराम, आणि आघात तिसऱ्या मात्रेवर! जमैकांतील रेगे संगीताची ही रीत त्यांनीं उचलली होती. कर्कशपणा पुष्कळ होता, नाहीं असें नाहीं. परंतु पदपाठांतील विराम अप्पांनीं मला बोटांवर मोजावयास शिकविले होते. मी रमलों तो त्या विरामांतच.

मध्यरात्रीं परतलों. अप्पा जागेच होते. “आख्यान कोणतें होतें?” त्यांनीं विचारिलें. मी मान खालीं घातली. त्यांनीं पुन्हां कधीं विषय काढिला नाहीं, मीहि नाहीं.

पुढें रुग्णालयें निकट असल्यानें रंगभवनाचा परिसर शांतता-क्षेत्र ठरला, मैफली थांबल्या. अप्पा त्यापूर्वींच गेले. तो विराम त्यांस ऐकवावयाचा राहून गेला.