नातवंडांसाठी परदेशगमन : काही व्यावहारिक विचार

आपली अफझलगंजची पेठ पाचवे निजाम अफझल-उद्-दौला यांनी धान्याच्या व्यापाऱ्यांना दिलेल्या जागेवर वसली, असे सांगतात. त्या पेठेतील घराघरांतून आज मुले-मुली न्यू जर्सी, टोरांटो, मेलबर्न येथे नांदत आहेत. दुकान वाढवताना पूर्वी तुरीच्या भावाची चर्चा होई. आता 'आजी केव्हा निघणार?' हा प्रश्न ऐकू येतो.

या प्रश्नास कारण आहे. आपल्या देशात २०१७ पासून नोकरदार मातेस २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते. अमेरिकेतील १९९३ चा कायदा पात्र नोकरदारास केवळ १२ आठवडे, तीही बिनपगारी रजा देतो. मग तान्ह्या जिवाकडे पाहावे कोणी? साहजिकच आईला बोलावणे येते.

परंतु आजीपणाचा असा व्हिसा बहुतेक देशांत नाही. अमेरिकेस जाणारी आजी पाहुणी म्हणून जाते. व्हिसा बहुधा दहा वर्षांचा असला, तरी एका खेपेस मुक्काम साधारणतः सहा महिन्यांचाच. परतीची तारीख व्हिसावर नसून प्रवेशाच्या नोंदीत असते, हे अनेकांच्या ध्यानी येत नाही. मुदतीपेक्षा १८० दिवसांहून अधिक राहिल्यास तीन वर्षे, व वर्षभर वा अधिक राहिल्यास दहा वर्षे प्रवेश बंद होऊ शकतो. मोबदला घेऊन काम करणे तर वर्ज्यच. मूल तेथील नागरिक व २१ वर्षांचे असेल, तर आईवडिलांस ग्रीन कार्ड मागता येते. पण ते तेथे वास्तव्य करणाऱ्यासाठी आहे, ये-जा करणाऱ्यासाठी नव्हे.

कॅनडाचा सुपर व्हिसा २०११ पासून आहे. जुलै २०२२ पासून एका खेपेस पाच वर्षांपर्यंत राहता येते. मात्र मुलाचे ठराविक उत्पन्न, वैद्यकीय तपासणी व निदान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमा हवा. ऑस्ट्रेलियात २०१९ पासून आईवडिलांस तीन वा पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा मिळतो. हे दोन्ही मार्ग मावशी वा आत्या यांना खुले नाहीत. इंग्लंडात २०१२ पासून कायमच्या वास्तव्याचा नियम इतका कडक आहे, की नातवास सांभाळणे हे कारण तेथे चालत नाही. खुद्द आजीलाच दीर्घकाळ सांभाळण्याची गरज असावी लागते.

आता थोडा स्वानुभव. मुलीच्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी एका दलालाने आमच्या मंडळींना सांगितले, "फक्त देश पाहायला जाते, असेच सांगा." पूर्वी या मुलाखतीसाठी मद्रास गाठावे लागे, २००८ पासून वकिलात हैदराबादेतच आहे आणि २०२३ पासून ती नानकरामगुड्यास आहे. तेथील खिडकीवर मंडळींनी हिंदीत सरळ सांगितले, "लेकीचे बाळंतपण आहे. पाच महिन्यांनी परत येईन. दुकान आणि यजमान इथेच आहेत." व्हिसा मिळाला. मालाचा नमुना एक व पोत्यात दुसरा, हा व्यवहार आपल्या पेठेत टिकत नाही. तेथेही टिकत नाही.

तिकीट, विमा, औषधांची चिठ्ठी, सारा हिशेब मी चोख मांडला होता. एक कलम मात्र राहून गेले. बर्फाच्या दिवसांत मुलगी-जावई कामावर गेल्यावर त्या परक्या घरी तान्ह्या बाळासह एकट्या असत. गुडघा सुजला, तरी फोनवर बोलल्या नाहीत. परतल्यावर एवढेच म्हणाल्या, "बाळाचा लळा लागला. पण मला जायचे आहे का, हे कोणी विचारलेच नव्हते."

ते वाक्य माझ्या खात्यावर आजही येणे आहे. पुढे कॅनडातील चिरंजीवाचे बोलावणे आले, तेव्हा पाच वर्षांच्या मुदतीची वार्ता ऐकून मी प्रथम त्यांना विचारले. उत्तर आले, "तीन महिने, उन्हाळ्यात, आणि तुम्ही बरोबर." तसेच ठरले.

बंधुभगिनींनो, नियम वेळोवेळी बदलतात. म्हणून अर्जापूर्वी त्या त्या सरकारची अधिकृत माहिती अवश्य पाहावी. परंतु पहिली परवानगी वकिलातीची नव्हे, आपल्या घरातील त्या माउलीची घ्यावी, हीच नम्र विनंती.