उंचीचे मोल

कुस्तीत पैलवानांचे वजनानुसार गट पाडतात. मुष्टियुद्धातही तसेच असते. शरीराच्या आकारमानामुळे एका खेळाडूला अवाजवी लाभ मिळू नये, हा त्यामागील विचार होय. बास्केटबॉलमध्ये मात्र उंचीचे गट नाहीत. जमिनीपासून दहा फूट उंचीवर बसवलेले लोखंडी कडे सर्वांसाठी सारखेच असते. साहजिकच ज्याचा हात त्या कड्याच्या अधिक जवळ पोहोचतो, त्याचे निम्मे काम निसर्गानेच करून ठेवलेले असते. या खेळात अशा उंच माणसासाठी एक खास जागा आहे. तिला ‘सेंटर’ म्हणतात. ही जागा एके काळी संघाचा कणा मानली जाई. पुढे ती कालबाह्य झाल्याचे जाणकार सांगू लागले. आणि आज ती नव्या रूपात पुन्हा उभी राहिली आहे. एखाद्या गुणाचे मोल काळानुसार कसे घटते आणि कसे वाढते, हे समजून घेण्यासाठी या जागेचा इतिहास फार उपयोगी आहे.

बास्केटबॉलचा जन्म १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड या गावी झाला. जेम्स नाइस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात बंदिस्त सभागृहात खेळता यावा म्हणून हा खेळ रचला. आज प्रत्येक संघाचे पाच खेळाडू एका वेळी मैदानात उतरतात. ढोबळमानाने त्यांपैकी दोन ‘गार्ड’, दोन ‘फॉरवर्ड’ आणि एक ‘सेंटर’ असतो. गार्ड चेंडू पुढे आणतात व डावाची आखणी करतात. सेंटर मात्र कड्याजवळच वावरतो. आक्रमणाच्या वेळी तो कड्याकडे पाठ करून उभा राहतो, सहकाऱ्याने दिलेला चेंडू झेलतो, अंगाच्या रेट्याने प्रतिस्पर्ध्याला मागे सारतो आणि वळून चेंडू कड्यात टाकतो. बचावाच्या वेळी तो कड्याची राखण करतो. नेम चुकून फळ्यावरून किंवा कड्यावरून उसळलेला चेंडू ताब्यात घेणे, म्हणजेच ‘रिबाउंड’ मिळवणे, हेही मुख्यतः त्याचेच काम.

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये या जागेचा दबदबा प्रथम प्रस्थापित केला तो जॉर्ज मायकन याने. सहा फूट दहा इंच उंचीच्या या खेळाडूच्या बळावर मिनियापोलिस लेकर्स या संघाने १९४९ ते १९५४ या काळात पाच विजेतेपदे पटकावली. मायकनला आवरायचे कसे, असा प्रश्न पडून अखेर नियमच बदलावे लागले. कड्याखालच्या रंगवलेल्या पट्ट्यात आक्रमण करणाऱ्या खेळाडूला तीन सेकंदांहून अधिक काळ थांबता येत नाही. हा पट्टा पूर्वी सहा फूट रुंद होता. १९५१ साली तो बारा फूट करण्यात आला. पुढे विल्ट चेंबरलेन आला. २ मार्च १९६२ रोजी त्याने एकट्याने एका सामन्यात १०० गुण केले. हा विक्रम आजही अबाधित आहे. १९६४ साली पट्टा आणखी रुंदावून सोळा फूट झाला. ज्याला रोखण्यासाठी मैदानाच्या रेषा पुसून पुन्हा आखाव्या लागतात, त्याचे मोल वेगळे सांगायला नको.

याच काळात बिल रसेल या सेंटरने बचावाच्या जोरावर बॉस्टन सेल्टिक्स संघाला तेरा हंगामांत अकरा विजेतेपदे मिळवून दिली. पुढे करीम अब्दुल जब्बार याने डोक्यावरून हात वळवून चेंडू टाकण्याची ‘स्काय हूक’ ही फेक अजिंक्य ठरवली. त्याने कारकिर्दीत ३८,३८७ गुण केले. हा विक्रम लेब्रॉन जेम्सने मोडला तो थेट २०२३ साली. नायजेरियात जन्मलेल्या हकीम ओलाजुवानने ह्यूस्टनला १९९४ व १९९५ अशी सलग दोन विजेतेपदे मिळवून दिली. त्यानंतर शकील ओनील या महाकाय सेंटरच्या आधारे लॉस एंजेलिस लेकर्सने २००० ते २००२ अशी तीन वर्षे विजेतेपद राखले. ओनीलचे एक वैगुण्य होते. विनाअडथळा घेता येणाऱ्या शंभर ‘फ्री थ्रो’पैकी त्याचे जेमतेम त्रेपन्न यशस्वी होत. म्हणून प्रतिस्पर्धी मुद्दाम त्याला धक्के देऊन फ्री थ्रो घ्यायला लावीत. एवढे करूनही त्याला अडवणे कठीणच जाई.

मग अशा सेंटरची सद्दी संपली कशी? याची दोन प्रमुख कारणे सांगता येतील.

पहिले कारण अंकगणिताचे आहे. १९७९-८० च्या हंगामापासून एन.बी.ए. या अमेरिकन व्यावसायिक स्पर्धेत तीन गुणांची रेषा आखण्यात आली. कड्यापासून समोर सुमारे पावणेचोवीस फुटांवर असलेल्या या रेषेबाहेरून चेंडू टाकल्यास दोनाऐवजी तीन गुण मिळू लागले. प्रारंभी बहुतेक संघांनी तिच्याकडे गंमत म्हणून पाहिले. पण हिशेब करून पाहा. समजा, कड्याकडे पाठ करून, वळून टाकलेल्या शंभर फेकींपैकी पंचेचाळीस यशस्वी झाल्या, तर गुण होतील ९०. दूरवरून टाकलेल्या शंभरांपैकी केवळ छत्तीस यशस्वी झाल्या, तरी गुण होतील १०८. म्हणजे नेम अधिक वेळा चुकूनही पदरात जास्त पडते! हे गणित संघांना पूर्णपणे उमगायला दोन-तीन दशके गेली. पण एकदा उमगल्यावर खेळाचा चेहराच बदलला.

दुसरे कारण नियमांचे. पूर्वी एन.बी.ए.मध्ये प्रत्येक बचावपटूने आपापल्या प्रतिस्पर्ध्याच्या मागावर राहावे, असे बंधन होते. त्यामुळे सेंटरला बहुधा एकाच माणसाशी झुंजावे लागे. २००१-०२ च्या हंगामापासून हे बंधन काढून टाकण्यात आले. आता बचाव करणारा संघ एक माणूस सेंटरच्या पुढे आणि दुसरा मागे उभा करू शकत होता. सेंटरपर्यंत चेंडू पोहोचवणेच अवघड झाले. पुढे २००४ साली, चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूला हात लावून अडवण्यावरील बंदी अधिक कडक झाली. परिणामी चपळ गार्डांना मोकळे रान मिळाले.

या दोन्ही गोष्टींमुळे उंच सेंटर बचावातही अडचणीत सापडला. आक्रमक संघ पाचही खेळाडू रेषेबाहेर पसरवू लागले. समोरचा सेंटर दूरवरून नेम साधणारा असेल, तर त्याच्यामागे कडे सोडून बाहेर यावे लागते. बाहेर आले की कड्याखालची जागा रिकामी पडते. आणि आत थांबावे, तर बाहेरून तीन गुण जातात. अशा कात्रीत जाडजूड, संथ चालीचा खेळाडू सापडला, की चपळ गार्ड नेमका त्यालाच लक्ष्य करी. २०१२ साली एन.बी.ए.ने तारांकित खेळाडूंच्या सामन्यासाठी होणाऱ्या मतदानातून ‘सेंटर’ हा स्वतंत्र गटच काढून टाकला.

२०१५ च्या अंतिम मालिकेत या बदलावर जणू शिक्कामोर्तब झाले. गोल्डन स्टेट वॉरियर्स हा संघ क्लीव्हलँडविरुद्ध एक विरुद्ध दोन असा पिछाडीवर होता. चौथ्या सामन्यात प्रशिक्षकांनी आपला सात फुटी सेंटर अँड्र्यू बोगट याला सुरुवातीच्या पाचांतून वगळले व सहा फूट सहा इंचाच्या आंद्रे इग्वादाला याला घेतले. क्लीव्हलँडच्या टिमोफे मोझगोव्ह या उंचपुऱ्या सेंटरने त्या सामन्यात २८ गुण केले, तरीही त्याचा संघ २१ गुणांनी हरला. वॉरियर्सने तो आणि पुढचे दोन सामने जिंकून विजेतेपद मिळवले.

योगायोग असा, की त्याच महिन्यात भारतात जन्मलेल्या एका खेळाडूची एन.बी.ए. संघाने प्रथमच निवड केली. पंजाबमधील बल्लो के या छोट्याशा खेड्यातून आलेला, लुधियानाच्या अकादमीत घडलेला सतनाम सिंग हा सात फूट दोन इंचांचा सेंटर. डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडले. मात्र मुख्य स्पर्धेत एकही सामना खेळण्याची संधी त्याला मिळाली नाही. डॅलसशी संलग्न असलेल्या दुय्यम संघातच त्याला खेळावे लागले. खेळाडूच्या यशापयशाला अनेक कारणे असतात, त्यांचे खापर एकाच गोष्टीवर फोडणे योग्य नव्हे. तथापि उंच आणि भारदस्त माणसांसाठीचा दरवाजा अरुंद होत असतानाच तो तेथे पोहोचला, हेही खरे.

मग उंच सेंटरचे मोल संपले असे म्हणायचे का? घाई करू नये. वरील हिशेबात एक आकडा आपण अजून मांडलेला नाही. कड्याच्या अगदी जवळून टाकलेल्या शंभर फेकींपैकी पासष्ट यशस्वी झाल्या, असे समजू. म्हणजे १३० गुण! तीन गुणांच्या रेषेबाहेरील जागेहूनही ही जागा अधिक मोलाची ठरते. याचा अर्थ, कड्याखालच्या जागेची किंमत कधीच घटली नव्हती. किंमत घटली ती तिथे पाठ करून उभे राहून, वळून फेक करण्याच्या एका विशिष्ट पद्धतीची. जागा आणि पद्धत यांतील हा फरक लक्षात घेतला, म्हणजे पुढची गोष्ट सहज उलगडते.

फ्रान्सचा सात फूट एक इंच उंचीचा रुडी गोबेर याचे उदाहरण घ्या. दूरवरून नेम साधणे हे त्याचे काम नव्हे. तरीही २०१८, २०१९, २०२१ आणि २०२४ अशा चार वेळा तो वर्षातील सर्वोत्कृष्ट बचावपटू ठरला. त्याने अडवलेल्या फेकी मोजता येतात. पण त्याला कड्यापाशी उभा पाहून ज्या फेकी प्रतिस्पर्ध्यांनी टाकल्याच नाहीत, त्या कशा मोजणार? राखणदाराचे खरे काम न झालेल्या चोरीत असते. अर्थात त्यालाही मर्यादा आहेत. २०२१ च्या बाद फेरीत लॉस एंजेलिस क्लिपर्सने पाचही खेळाडू बाहेर पसरवले. गोबेरला कडे आणि कोपरा यांच्यामध्ये धावाधाव करावी लागली. शेवटच्या सामन्यात क्लिपर्सच्या टेरन्स मॅनने ३९ गुण केले आणि गोबेरचा यूटा जॅझ हा संघ बाहेर पडला. आपल्या सहकाऱ्यांचा बचाव ढिसाळ असेल, तर एकटा राखणदार कुठे कुठे पुरणार?

ब्रूक लोपेझची वाट वेगळी. हा सात फुटी सेंटर जुन्या वळणाचा होता. पहिल्या आठ हंगामांत मिळून त्याने रेषेबाहेरून फक्त तीन वेळा यशस्वी नेम साधला होता. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, २०१६-१७ च्या हंगामात, त्याने अशा १३४ फेकी यशस्वी केल्या! हंगामागून हंगाम खेळून मुरलेल्या माणसाने आपली कला नव्याने शिकून घेतली. पण कड्याची राखण करणे त्याने सोडले नाही. आक्रमणात बाहेर आणि बचावात आत, असा दुहेरी संसार त्याने सांभाळला. २०२१ साली मिलवॉकी बक्स या त्याच्या संघाने पन्नास वर्षांनी विजेतेपद मिळवले. त्याआधीचे, १९७१ चे विजेतेपद याच संघाला मिळाले होते, तेव्हा सेंटरच्या जागी अब्दुल जब्बार होता.

सर्बियातील सोम्बोर येथील निकोला योकिच याने तर सेंटर या कल्पनेचाच विस्तार केला. २०१४ साली त्याची निवड झाली ती ४१ व्या क्रमांकावर. त्याची उडी उंच नाही आणि धावही वेगवान नाही. पण कड्याकडे पाठ करून उभे राहण्याची जुनी रीत त्याने टाकून न देता तिचा नवा उपयोग केला. तेथून तो सहकाऱ्यांना अचूक पास देतो. दोन माणसे त्याच्यावर धावून आली, की एक सहकारी मोकळा पडतो आणि चेंडू नेमका त्याच्या हातात जातो. २००० साली ओनीलला सर्वोत्कृष्ट खेळाडूचा बहुमान मिळाल्यानंतर पुढची वीस वर्षे तो एकाही सेंटरला लाभला नव्हता. योकिचने २०२१, २०२२ व २०२४ साली तो मिळवला. २०२३ साली तो कॅमेरूनमध्ये जन्मलेल्या जोएल एम्बीड या सेंटरला मिळाला. त्याच वर्षी योकिचच्या डेन्व्हर नगेट्सने आपले पहिले विजेतेपद जिंकले. २०२५ साली विजेत्या ठरलेल्या ओक्लाहोमा सिटी थंडर संघात तर चेट होल्मग्रेन आणि आयझाया हार्टनस्टाइन असे दोन सात फुटी खेळाडू होते. समोरचा संघ पाहून कधी दोघे एकत्र, तर कधी एकच, अशी योजना प्रशिक्षक करीत.

या साऱ्या प्रवासातून काय दिसते? उंची हे भांडवल आहे. भांडवल असणे चांगलेच. पण ते कुठे आणि कसे गुंतवायचे, हे बाजार पाहून ठरवावे लागते. नुसत्या उंचीवर आणि वजनावर भिस्त ठेवणाऱ्यांचे दिवस नियम बदलताच सरले. ज्यांनी उंचीला नेम, पास किंवा मोक्याची जागा हेरण्याची नजर यांची जोड दिली, त्यांना नव्या खेळातही मानाचे स्थान मिळाले. दहा फुटांवरचे कडे आजही तेथेच आहे. त्याच्याखाली उभे राहणाऱ्या माणसाची गरजही कायम आहे. फक्त तेथे उभे राहण्याव्यतिरिक्त तुला आणखी काय येते, हा प्रश्न आता त्याला विचारला जातो.