गिअरबॉक्सच्या कामाला दोन अंदाजपत्रकं: जुनी जिप्सी खोला, पण गाळा अडकवू नका



हौसेने जुनी गाडी उभी करणारी मंडळी आता तालुक्याच्या गावातसुद्धा भेटतात. कुणाला वडिलांची जिप्सी पुन्हा रस्त्यावर आणायची असते, कुणी लष्कराच्या लिलावातली गाडी घेतलेली असते. अशी कामं फिरत फिरत छोट्या गॅरेजकडेच येतात. संधी चांगली आहे. पण छोटी गॅरेजं अडकतात तीही याच कामात. गाडी खोललेली, पार्ट मिळत नाही, गिऱ्हाईक फोन उचलत नाही आणि अर्धा गाळा तीन महिने भरलेला.

परवाच्या व्हिडिओत मी जिप्सीचा गिअरबॉक्स खोलून दाखवला. पाना कसा चालवायचा ते तिथे बघा. इथे त्या कामाचा हिशोब बोलूया. माझं म्हणणं एकच आहे: गिअरबॉक्सच्या कामाला एक अंदाजपत्रक पुरत नाही, दोन लागतात. पहिलं पेटी खोलून बघण्यापर्यंतचं, दुसरं आत काय निघालं ते बघितल्यानंतरचं.

आधी गाडी ओळखा

मारुती जिप्सी १९८५ मध्ये आली, ९७० सीसी इंजिन आणि चार गिअरची पेटी घेऊन. १९९६ मध्ये जिप्सी किंग आली, १२९८ सीसी इंजिन आणि पाच गिअर. २०१९ पासून सामान्य गिऱ्हाइकाला नवी जिप्सी मिळत नाही. म्हणजे रस्त्यावर आहेत त्या सगळ्या जुन्या होत जाणार आणि त्यांना कुणीतरी सांभाळायला लागणार. तो "कुणीतरी" तुम्ही होऊ शकता.

गाडी दारात आली की पहिल्यांदा आरसी बुक बघा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. कागद संपलेली गाडी दुरुस्त करायला हरकत नाही, पण मालक कोण आणि तो कागदांचं काय करणार आहे, हे कळलंच पाहिजे. बेवारस राहणाऱ्या गाड्या बहुतेक अशाच, अर्धवट कागदांच्या असतात. आरसी आणि ओळखपत्राची झेरॉक्स जॉब कार्डला लावा, मग चावी घ्या.

खोलण्याआधी अर्धा तास कान द्या

"गिअरबॉक्स गेलाय" असं सांगत आलेल्या प्रत्येकाचा गिअरबॉक्स गेलेला नसतो. पुढची तपासणी फुकट आहे आणि तुमचं नाव हिच्यावरच उभं राहतं.

- गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रल. गुरगुर येतेय आणि क्लच दाबला की थांबते? इनपुट शाफ्टचं किंवा काउंटर शाफ्टचं बेरिंग संशयित. उलट, क्लच दाबल्यावर आवाज सुरू होतो? मग बहुतेक क्लचचं रिलीज बेरिंग आहे.
- सगळेच गिअर करकरतात, रिव्हर्ससुद्धा? क्लच पूर्ण सुटत नाहीये. आधी क्लच बघा, पेटीला हात लावू नका.
- एकच गिअर करकरतो, विशेषतः दुसरा? त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजली असण्याची शक्यता जास्त.
- चौथ्या गिअरला आवाज खूप कमी होतो? पाच गिअरच्या जिप्सीत चौथा गिअर थेट असतो. इंजिनची ताकद काउंटर शाफ्टवरून न जाता सरळ पुढे जाते. म्हणून चौथ्यात शांत आणि बाकीच्यांत आवाज असेल, तर काउंटर शाफ्टकडे बघा.
- दांडा नुसता डुगडुगतो, गिअर सापडत नाही? दांड्याच्या बुडाशी असलेला छोटा बुश तपासा. पुष्कळदा काम तिथेच संपतं.
- आवाज फक्त गाडी चालताना येतो? जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी असते, मध्ये छोटा प्रोपेलर शाफ्ट असतो. दोष तिकडेही असू शकतो.

शेवटी ऑईल काढून बघा. ड्रेन प्लगला राखाडी लेप असेल तर ती रोजची झीज. पितळी चमक दिसली तर सिंक्रो रिंगची झीज. लोखंडाचे कपचे निघाले तर दात नाहीतर बेरिंग.

बुश बदलून जो माणूस चारशे-पाचशे रुपयांत खूश होऊन जातो, तो पुढच्या वर्षी इंजिनचं काम घेऊन तुमच्याकडेच येतो. ही जाहिरात पैसे देऊन मिळत नाही.

तुमच्या जागेचा रोजचा खर्च काढा

आता वही घ्या. समजा गाळ्याचं भाडं १८,०००, वीज-पाणी ३,००० आणि मदतनिसाचा पगार १५,०००. महिन्याचे झाले ३६,०००. गाळ्यात दोन गाड्या उभ्या राहतात, महिन्यात २५ दिवस काम. म्हणजे ५० "गाडी-दिवस". ३६,००० भागिले ५०, बरोबर ७२० रुपये. एक गाडी एक दिवस नुसती उभी राहिली की तुमचे ७२० रुपये जातात.

खोललेली जिप्सी पार्टची वाट बघत २० दिवस उभी राहिली तर १४,४०० रुपये गेले. मजुरी तुम्ही ९,५०० सांगितली होती. मेहनत करूनही खिशातले पैसे गेले, आणि ते कुठल्याच बिलावर दिसत नाहीत. हा आकडा आज काढून भिंतीवर लिहून ठेवा. अटी सांगताना आवाज मग आपोआप ठाम होतो.

पहिलं अंदाजपत्रक: उतरवणं, खोलणं, अहवाल

यात चारच गोष्टी लिहा.

१. पेटी उतरवणं, खोलणं, धुणं आणि फोटोसह अहवाल देणं: ठरावीक रक्कम, आगाऊ. काम पुढे चाललं तर ती मजुरीत वळती होईल, थांबलं तर परत मिळणार नाही.
२. अहवालानंतर ७ दिवस जागा फुकट, त्यानंतर रोजचं ठरावीक भाडं.
३. काम थांबवायचं ठरलं तर पेटी आहे त्या अवस्थेत, सगळे पार्ट मोजून परत.
४. गिऱ्हाइकाची सही.

पुष्कळ नवीन मुलं इथे बिचकतात. "गिऱ्हाईक पळून जाईल" म्हणतात. जो या चार ओळींवर पळतो, तो पेटी खोलल्यावरही पळणारच होता.

खोलताना शिस्त म्हणजेच नफा

गाडी जॅकवर सोडून खाली जायचं नाही, घोड्या लावायच्या. पेटी उतरवायला दोन माणसं. खोलताना प्रत्येक टप्प्याचा फोटो आणि काढलेल्या क्रमाने ट्रे. शिफ्ट फोर्कच्या दांड्या काढताना स्प्रिंगने दाबलेले छोटे छर्रे उडतात. त्यावर कापड धरा आणि छर्रे-स्प्रिंग लगेच नाव लिहिलेल्या पिशवीत टाका. एक छर्रा गाळ्यात हरवला की दोन तास बॅटरी घेऊन शोधा, आणि ते दोन तास कुणी देत नाही.

सिंक्रो रिंग तिच्या गिअरच्या कोनावर दाबून धरा आणि मधला गॅप फीलर गेजने मोजा. नवीन रिंगला तो साधारण एक मिलिमीटरच्या आसपास असतो. अर्ध्याजवळ आला की रिंग संपली समजा. नेमकी मर्यादा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. मोजलेला आकडा अहवालात लिहा. "झिजलीय" या शब्दावर गिऱ्हाईक वाद घालतं, आकड्यावर घालत नाही.

हत्यारांत सुरुवातीला फीलर गेज, लॉक काढायचा पक्कड, बेरिंग पुलर आणि टॉर्क पाना एवढं घ्या. हायड्रॉलिक प्रेस पहिल्याच वर्षी घेऊ नका. आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरात बेरिंग दाबून देणारे पावलोपावली आहेत, तुमच्या गावातही एखादा लेथवाला असेलच. महिन्यात चार पेट्या नियमित यायला लागल्या की मग प्रेसचा विचार करा.

दुसरं अंदाजपत्रक: तीन रकाने

अहवाल तीन रकान्यांत द्या: *बदलायलाच हवं*, *आत्ता बदललेलं बरं*, *चालेल*.

आमच्याकडे आलेल्या १९९८ च्या जिप्सी किंगचं उदाहरण सांगतो. मालक तरुण शेतकरी, गाडी वडिलांची. दुसरा गिअर करकरत होता आणि न्यूट्रलला गुरगुर होती. त्याने स्वच्छ सांगितलं, "दादा, चाळीस हजारांच्या वर माझ्याकडे नाहीत, घेऊन जमत असेल तर बघा." पहिल्या टप्प्याचे ३,५०० घेतले आणि पेटी खोलली.

पहिल्या रकान्यात दुसऱ्या गिअरची रिंग, दोन बेरिंग आणि सगळे ऑईल सील. त्याशिवाय काउंटर शाफ्टवरच्या दुसऱ्या गिअरचा एक दात कपचा उडालेला. तिथले गिअर शाफ्टचाच भाग असतात, त्यामुळे अख्खा शाफ्ट बदलायचा. दुसऱ्या रकान्यात क्लच प्लेट, रिलीज बेरिंग आणि इंजिनच्या मागचं सील. पेटी खाली असताना ही कामं जवळजवळ त्याच मजुरीत होतात, नंतर केली तर पुन्हा सगळी उतरवाउतरव. तिसऱ्या रकान्यात बाकी रिंगा आणि फोर्क, मोजून ठीक.

शाफ्टसाठी तीन पर्याय लिहून दिले: नवीन मिळेपर्यंत थांबणं, जुन्या पेटीतला वापरलेला शाफ्ट घेणं, नाहीतर इथेच थांबणं. त्याने पाचव्या दिवशी दुसरा पर्याय निवडला. शाफ्ट दिल्लीहून मागवला, पण तीन अटींवर: पक्कं बिल, दात मोजून फोटो, आणि त्याच पेटीतला जोडीचा दुसरा गिअर. गिअर जोडीने झिजतात, वेगळ्या पेटीतले दोन जुने गिअर एकत्र लावले की आवाज करतात. बाकी गिअर मात्र त्याच्या जुन्या पेटीतलेच राहणार होते. म्हणून अंदाजपत्रकावर ओळ टाकली: "वापरलेल्या शाफ्टमुळे काही गिअरना हलका आवाज राहू शकतो." त्यावर त्याची सही.

बसवताना पेटीचे दोन भाग जोडण्याआधी हाताने शाफ्ट फिरवून प्रत्येक गिअर टाकून बघितला. सीलंट पातळ लावलं, कारण जास्तीचं आत ओघळतं. ऑईल मॅन्युअलमधल्या ग्रेडचं, जीएल-४. महाग आहे म्हणून जीएल-५ चांगलं असं समजू नका, त्यातली रसायनं पितळी रिंगांना त्रास देऊ शकतात.

गाडी रस्त्यावर आली तेव्हा दुसरा गिअर लोण्यासारखा पडत होता आणि तिसऱ्याला हलकी शीळ होती. मालकाने विचारलं, "ही शीळ?" मी कागद दाखवला. तो हसला, म्हणाला, "हां, ठरलंच होतं की." ती ओळ नसती तर याच शिळेवरून आमचा वाद झाला असता, आणि वादात गिऱ्हाईक जातं. बिल त्याच्या चाळीस हजारांच्या आत बसलं.

आमचा हिशोब बघा. उतरवायला ४ तास, खोलणं-धुणं ५, बसवणं ६, चढवणं आणि चाचणी ४, पार्टसाठी फोनाफोनी ३. एकूण २२ तास, मजुरी ९,५००, त्यात आधीचे ३,५०० वळते. तासाला साधारण ४३० रुपये पडले. पार्ट येईपर्यंत खोललेली पेटी रॅकवर ठेवली आणि गाडी ढकलून गाळ्याबाहेर शेडमध्ये लावली. जागा दुसऱ्या गाडीला मोकळी झाली, रोजचे ७२० वाचले.

वॉरंटी शब्दात नको, कागदावर हवी

आम्ही लिहून देतो: मजुरीला सहा महिने, नवीन पार्टला विक्रेत्याची असेल ती वॉरंटी, वापरलेल्या पार्टला नाही. ५०० किलोमीटरनंतर एकदा ऑईल काढून बघायला बोलावतो. त्यात काही बिघडत असेल तर लवकर कळतं, आणि गिऱ्हाइकाला वाटतं की यांना पैसे घेतल्यावरही आपली गाडी आठवते.

या आठवड्याचं काम

गॅरेज नसेल तरी चालेल. शिलाई मशीन दुरुस्ती, मोटार रिवाइंडिंग, जुनं फर्निचर, जिथे वस्तू उघडल्याशिवाय दोष कळत नाही त्या प्रत्येक धंद्याला ही पद्धत लागू आहे. दोन कागद करा. एक "उघडून बघण्याचा", एक "तीन रकान्यांचा". जागेचा रोजचा खर्च काढा. आणि पुढच्या गिऱ्हाइकाला किंमत सांगण्याआधी पहिला कागद समोर ठेवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत हिशोब चोख ठेवा!