प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलांचा कॉम्प्युटर: पैसा कुठे घालावा?

बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स किंवा इंजिनिअरिंगला प्रवेश झाला की घरात पुढचा प्रश्न उभा राहतो, कॉम्प्युटर कसला घ्यायचा? आपल्या कळमनुरीतून कोणी हिंगोलीला विचारायला जातो, कोणी नांदेडला. मामू हैदराबादला असले तर सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमधून भाव काढून पाठवतात. कोटेशन घरी येते, पण त्यातले शब्द घरात कोणालाच कळत नाहीत.

मागे एका विद्यार्थिनीचे अब्बा असेच कोटेशन घेऊन आले होते. मुलगी बीसीएला. पैसे अम्मीच्या भिशीचे आणि काही सोयाबीनचे. कागदावर जवळजवळ निम्मी रक्कम एकट्या ग्राफिक कार्डाची होती. साठवणुकीसाठी मात्र साधी हार्ड डिस्क, आणि रॅम ८ जीबी. हा कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्याचा होता, प्रोग्राम लिहिणाऱ्याचा नव्हता.

प्रोग्राम लिहिणाऱ्याचे काम दिवसभर हजारो छोट्या फायलींशी चालते. हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला ७२०० फेरे घेणारी तबकडी असते आणि तिच्यावर फिरणारा एक हात. वेगवेगळ्या जागची माहिती तो सेकंदाला शंभरेक वेळाच उचलू शकतो. शाळेच्या ग्रंथालयात एकच शिपाई आहे आणि सगळा वर्ग एकदम पुस्तके मागतो आहे, असे समजा. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नाही. ती हेच काम सेकंदाला हजारो वेळा करते. म्हणून पहिला पैसा एसएसडीवर.

एसएसडीतही दोन प्रकार आहेत. साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते, एनव्हीएमई ३५०० किंवा त्याहून जास्त. ७००० एमबीवाली महागही मिळते, पण कोड लिहिताना ३५०० आणि ७००० मधला फरक फारसा जाणवत नाही. हार्ड डिस्क सोडून एसएसडीवर येण्याचा फरक मात्र पहिल्याच दिवशी दिसतो. एक ध्यानात ठेवा: एम.२ नावाची पातळ पट्टी साटाही असते आणि एनव्हीएमईही. नुसते ‘एम.२’ लिहिलेले असेल तर कोणती ते विचारा, आणि मदरबोर्डच्या खाचेत ती चालते का तेही. आकार ५०० जीबीपेक्षा कमी नको. अँड्रॉइड स्टुडिओ, त्याचे इम्युलेटर, जोडीला लिनक्स एवढ्यातच २५६ जीबी भरून जाते.

“एसएसडी लवकर झिजते म्हणे!” ही भीती बरेच पालक बोलून दाखवतात. ५०० जीबीच्या बऱ्याच चांगल्या एसएसडींवर ३०० टेराबाइट लिहिण्याची मर्यादा दिलेली असते. रोज ३० जीबी लिहिले तरी ती गाठायला १०,००० दिवस, म्हणजे २७ वर्षे लागतील. खरा धोका वेगळाच आहे. हार्ड डिस्क अनेकदा आधी खडखड करून इशारा देते, एसएसडी मात्र चालता चालता अचानक बंद पडू शकते आणि मग आतली माहिती काढणे फार कठीण जाते. त्यामुळे घरातली जुनी हार्ड डिस्क भंगारात देऊ नका. कोडची प्रत इंटरनेटवर गिटहबसारख्या ठिकाणी ठेवावी. निकाहचे फोटो, सातबारा, मार्कशीट यांची प्रत त्या जुन्या डिस्कवर घेऊन ती कपाटात ठेवावी.

आता ग्राफिक कार्ड. कोड म्हणजे मजकूर. तो पडद्यावर दाखवायला प्रोसेसरमधले अंगचे ग्राफिक्स पुरेसे आहे. फक्त ते प्रोसेसरमध्ये आहे ना, हे पाहून घ्या. इंटेलच्या आय५-१२४०० मध्ये ते आहे, १२४००एफ मध्ये नाही. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी मध्ये आहे, नुसत्या ५६०० मध्ये नाही. एका अक्षराचा खेळ! ‘एफ’वाला थोडा स्वस्त म्हणून घेतला तर कार्डाशिवाय पडदा काळाच राहतो. मग जीटी ७१० सारखे जुने कार्ड गळ्यात पडते. त्याचे नवे ड्रायव्हर देणे कंपनीने थांबवले आहे आणि आजचे अंगचे ग्राफिक्सही त्याच्यापेक्षा सरस असते. अंगचे ग्राफिक्स रॅममधूनच जागा घेते, म्हणून रॅम १६ जीबी असावी, आणि तीही ८-८ च्या दोन पट्ट्यांत. दोन पट्ट्यांनी वेग वाढतो.

कार्डाची खरी गरज पडते ती मशिन लर्निंग, थ्रीडी अॅनिमेशन किंवा गेम बनवणाऱ्यांना. मशिन लर्निंगची बरीच साधने एनव्हिडियाच्या ‘कुडा’वर चालतात आणि तिथे कार्डाची स्वतःची मेमरी मोजली जाते; १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० त्याचसाठी विद्यार्थ्यांना आवडते. पण शिकण्यापुरते गुगल कोलॅब आणि कॅगल हे असे कार्ड इंटरनेटवरून फुकट वापरायला देतात, काही तासांच्या मर्यादेत. त्या मुलीला मी हेच सुचवले. कोटेशनमधून कार्ड गेले. त्या पैशात एनव्हीएमई एसएसडी, दुप्पट रॅम आणि यूपीएस बसले, वर काही रक्कम भिशीत परत गेली.

यूपीएस आपल्याकडे चैन नाही. लिहिणे चालू असताना वीज गेली तर फाइल बिघडते. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. कार्डाशिवायच्या कॉम्प्युटरला आणि मॉनिटरला तो पुरतो. आरटीएक्स ३०६० एकटेच १७० वॅट घेते आणि त्यासाठी ५५० वॅटचा पॉवर सप्लाय लागतो. पुढे कार्ड घालायचा विचार असेल तर पॉवर सप्लाय आताच ५५० चा, नावाजलेल्या कंपनीचा घ्या.

बिल पक्के घ्या. त्यावर एसएसडी, रॅम, प्रोसेसर यांचे पूर्ण मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून मागा. चांगल्या एसएसडीला पाच वर्षांची वॉरंटी असते, आणि ती मागायला जाताना ‘५०० जीबी एसएसडी, एक नग’ एवढे लिहिलेला कागद फारसा उपयोगाचा नसतो.