चार, चाळीस, तीनशे

घराच्या भिंती खिडक्यांच्या वर गेल्या आणि सुतारकाकांनी विचारलं, "वर काय घालायचं ठरलं?" दापोली तालुक्यातल्या आमच्या गावात या प्रश्नाला हल्ली तीन उत्तरं आहेत. शेजारी म्हणाले, स्लॅब टाका, जन्माची कटकट मिटेल. मुंबईचा चुलतभाऊ म्हणाला, पत्रा घाल, चार दिवसांत काम होतं. आई म्हणाली, कौलं. कारण विचारलं तर म्हणाली, "घरासारखं दिसतं."

मी जुन्या घराच्या परसात रचून ठेवलेल्या कौलांतलं एक उचललं आणि वाण्याच्या काट्यावर ठेवलं. अडीच किलो. रात्रभर बादलीत बुडवून सकाळी पुन्हा तोललं, तर पावणेतीनच्याही पुढे गेलं. इतकं टणक कौल, आणि रात्रीत पाव किलोहून जास्त पाणी पिऊन बसलं होतं! (चांगल्या कौलानं आपल्या वजनाच्या वीस टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये, असं भारतीय मानक सांगतं. माझं कौल त्यात सहज बसलं.) त्या दिवसापासून मला वजनांचा नाद लागला. एक चौरस मीटर छप्पर झाकायला मंगलोरी कौलं लागतात साधारण सोळा, म्हणजे चाळीस किलो. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा तेवढीच जागा जेमतेम चार किलोंत झाकतो. आणि पाच इंची स्लॅब? तीनशे किलो. चार, चाळीस, तीनशे. पाऊस अडवायचं काम एकच, आणि वजनांत हा फरक. घर उन्हाळ्यात तापणार किती, वादळात टिकणार का, या प्रश्नांचे धागे मला या तीन आकड्यांपर्यंत पोचताना दिसू लागले.

आधी पावसाचं वजन बघू. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की ते बरोबर एक लिटर पाणी होतं. आमच्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो. म्हणजे चाळीस किलोंच्या त्या सोळा कौलांवर दर चातुर्मासात तीन टन पाणी कोसळतं. वरच्या कौलांवरून वाहत येणारं वेगळंच. शंभर चौरस मीटरच्या घरावर तीन लाख लिटर, आणि माजघरात थेंब नाही. बरं, कौलांना मध्ये ना सिमेंट ना डांबर. एकावर एक नुसती ठेवलेली असतात.

हे कसं होतं ते कौल हातात घेतल्याशिवाय कळत नाही. एका कडेला उभ्या पन्हळी आणि त्यांच्यामधली धार, दुसऱ्या कडेला त्यांत चपखल बसणारी उलटी धार. शेजारच्या कौलात ती अडकली की फट राहतेच, पण सरळ राहत नाही, नागमोडी होते. आत घुसू पाहणाऱ्या पाण्याला चढ चढावा लागतो. तेवढा जोर असला, तरी ते पडतं पन्हळीत, आणि पन्हळ त्याला खालच्या कौलाच्या पाठीवर आणून सोडते. पाण्याला अडवून धरायचा हट्टच नाही. त्याला वाट दिली आहे आणि ती वाट बाहेर जाते. वरच्या टोकाला आडवी धार आहे. वारा पाणी उताराच्या उलट दिशेला ढकलतो, तेव्हा ते तिथे थबकतं. पोटाशी दोन नाकं आहेत, ती रिपेवर अडकतात म्हणून कौल घसरत नाही. एका नाकाला बारीक भोक असतं. लहानपणापासून ते बघत आलो, पण कशासाठी आहे हा प्रश्न कधी पडला नव्हता. त्यातून तार ओवून कौल रिपेला बांधायचं असतं. या भोकाकडे पुन्हा यायचं आहे.

आपण ज्याला मंगलोरी म्हणतो त्या कौलाची कल्पना जन्मली फ्रान्सच्या अल्सास भागात. आल्टकिर्श गावच्या झिलार्दोनी बंधूंनी १८४१ साली एकमेकांत अडकणारं कौल काढलं. १८६५ मध्ये बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी मंगळूरला नेत्रावतीच्या काठी कौलांचा कारखाना घातला, कारण नदीकाठची चिकणमाती त्या कामाला उत्तम होती. तिथून कौलं समुद्रमार्गे निघाली आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं घरांवर चढली. त्याआधी आमच्याकडे होते नळे. कुंभार चाकावर निमुळतं नळकांडं ओढायचा आणि उभं चिरून त्याचे दोन नळे करायचा. एक उताणा, त्यावर एक पालथा, अशा ओळी. त्यांना एकमेकांत अडकायची सोय नव्हती, त्यामुळे वाऱ्यानं, मांजरांनी, वानरांनी ते सरकत आणि दर वर्षी पावसाआधी घर शाकारावं लागे. मंगलोरी कौलानं शाकारणी संपवली नाही, हलकी केली.

आणि ती माती! ओली असताना बोटानं दाबली तर ठसा उमटतो, वाळवून पाण्यात टाकली तर पुन्हा चिखल होतो. पण भट्टीत सहाशे अंशांच्या आसपास तापली की तिच्या कणांच्या रचनेतच बांधलेलं पाणी निघून जातं, आणि हा बदल परत फिरत नाही. आणखी तापवलं की कण एकमेकांना चिकटतात, लोह लाल होतं. मग दीडशे वर्षं पाऊस झेलूनही त्या मातीला आपण माती होतो हे आठवत नाही.

आता ऊन. पत्र्याचे चार किलो तापायला वेळच लागत नाही. सकाळी दहाला तो तापतो आणि ती धग थेट डोक्यावर येते. पण सूर्य मावळला की तितक्याच लवकर निवतो. थंडीत निरभ्र रात्री तर तो उघड्या आकाशाकडे इतकी उष्णता फेकतो की भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडतो, आणि घरातल्या दमट हवेचं दव आतून ठिबकू लागतं. पाऊस न पडता घर गळतं ते असं. स्लॅबचं उलट. तो सावकाश तापतो, दुपारी निरुपद्रवी वाटतो. पण एक चौरस मीटर स्लॅब दहा अंशांनी तापला, तर त्यात साठलेली उष्णता दहा लिटरच्या बादलीतलं पाणी साध्या तापमानापासून जवळजवळ उकळीपर्यंत आणायला पुरेशी असते. दर चौरस मीटरमागे एक बादली कढत पाणी, विसण घेतल्याशिवाय हात घालता येणार नाही असं. दहा बाय बाराच्या खोलीवर अशा अकरा बादल्या. हे सगळं संध्याकाळनंतर खाली उतरायला लागतं, आपण आडवे होतो त्याच वेळी. पंखा पाचवर असूनही मे महिन्यात घाम का येतो, ते मला या हिशेबानं पटलं.

कौल या दोघांच्या मधलं, पण त्याचं खरं बळ वजनात नाही, फटींत आहे. तापलेली हवा आढ्याकडे चढते आणि फटींतून निघून जाते. छप्पर श्वास घेतं असं आमच्याकडे म्हणतात, ते अगदी अक्षरशः खरं आहे.

मग ३ जून २०२० आला, निसर्ग चक्रीवादळ. ताशी शंभर किलोमीटरच्या पुढचा वारा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली पट्ट्यावरून गेला. माडांच्या बागा आडव्या झाल्या, घरांवर आकाश दिसू लागलं. तोवर मला वाटायचं की वारा छप्पर दाबतो. वारा छप्पर उचलतो. आढ्यावरून वेगानं जाणाऱ्या हवेचा दाब कमी होतो, पलीकडच्या पाख्यावर ओढ बसते, आणि एखादी खिडकी फुटली की आत शिरलेला वारा खालून रेटतो. ताशी ११० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब निघतो चौरस मीटरला सुमारे ५७ किलो. कडांना आणि कोपऱ्यांना ओढ याहून जास्त बसते. आता ते तीन आकडे पुन्हा आठवा. तीनशे किलोंचा स्लॅब हलत नाही. चाळीस किलोंची कौलं हरतात, पण फटींतून आतबाहेरचा दाब थोडा सारखा होतो म्हणून आकड्यांवरून वाटतं तितकी लवकर नाही, आणि जातात ती बहुधा कडेची, आढ्यालगतची. चार किलोंच्या पत्र्याला वजनाच्या जोरावर जागेवर राहण्याची आशाच नाही. त्याला धरून ठेवतात ते हुक आणि स्क्रू, आणि ते ज्या सांगाड्यात बसवले तो सांगाडा भिंतीला किती घट्ट आहे त्यावर सगळं. नाहीतर पत्रा एकटा जात नाही, सांगाडा घेऊन जातो.

म्हणून ते कौलाचं भोक. मंगळूरच्या साच्यात ते होतंच. आमच्या जुन्या घराच्या एकाही कौलाला तार नव्हती.

मग जड ते चांगलं का? मराठवाड्यात पाऊस कमी, तिथं धाब्याची घरं. लाकडी पाटणीवर पांढऱ्या मातीचा दीड-दोन फूट थर. दीड फूट धरला तरी चौरस मीटरला सातशे किलोंच्या आसपास. दुपारचं ऊन खाली झिरपायच्या आत रात्र होते, त्यामुळे माळवदाखालचा गारवा पंख्याखालीही मिळत नाही. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीला जमीन हादरली. हादरा प्रत्येक वस्तूला तिच्या वजनाच्या प्रमाणात झटका देतो. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती ढासळल्या आणि वरचं धाबं झोपलेल्या माणसांवर आलं. जवळपास आठ हजार माणसं गेली. ज्या वजनानं पिढ्यान्‌पिढ्या गारवा दिला, त्यानंच. हे लिहिताना हात थांबतो. स्लॅब टाकणाऱ्या प्रत्येकानं खांब आणि तुळयांच्या लोखंडात काटकसर करू नये, एवढं मात्र मला आग्रहानं सांगायचं आहे.

हल्ली कोकणात फिरलात तर एक गोष्ट दिसेल. स्लॅबच्या घरांवर लोखंडी खांब उभारून पत्र्याची शेड घातलेली. स्लॅब गळतो म्हणून ती आली. पण आतल्या माणसांना विचारा, खालच्या खोल्या गार झाल्या म्हणून सांगतील. पत्रा ऊन अंगावर घेतो, मधल्या मोकळ्या जागेतून वारा गरम हवा घेऊन जातो, आणि स्लॅब सावलीत राहतो. आमच्या आजोबांच्या घरात कौलांखाली पोटमाळा होता, त्यात भात आणि वाळवणं ठेवायचे. तो हेच काम करत होता.

आम्ही ठरवलं ते असं. निजायच्या खोल्यांवर स्लॅब, आणि सगळ्या घरावर, पडवीसकट, कौलांचं छप्पर. खर्च वाढला, लाकडाऐवजी लोखंडी सांगाडा घ्यावा लागला. वानरांनी दर वर्षी काही कौलं फोडायचीच, म्हणून दोनशे जास्त घेऊन परसात रचली. कडेच्या आणि आढ्यालगतच्या प्रत्येक कौलाला तांब्याची तार. सुतारकाकांना हे नवं होतं. पहिली तार ओवताना त्यांनी कौल उलटं करून भोकावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे यासाठी होय!"

स्वयंपाकघरावर खाली स्लॅब नाही, नुसती कौलं आहेत. सकाळी दहाच्या सुमारास तिथं कवडसे पडतात. फटी वाकड्यातिकड्या, तरी जमिनीवरचे कवडसे गोल, कारण प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याचं उलटं चित्र. किरणाची वाट पावणेतीन मीटरची असली की ते अडीच सेंटिमीटरचं उमटतं, नाण्याएवढं. २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणाला जुन्या घराच्या जमिनीवर नाण्यांच्या जागी शंभरेक चंद्रकोरी पडल्या होत्या. आईनं तेव्हा केर काढायचं थांबवून त्या बघितल्या होत्या. परवा नव्या ओट्याशी भाजी चिरताना ती अचानक थांबली. विळीच्या पात्यावर एक गोल कवडसा आला होता.